जिनिंगमध्ये चार बोटं गेली: एका भरपाई प्रकरणाची हकीकत

मी वकील नाही. परभणी-हिंगोली भागात कामावर अपघात झालेल्या माणसांची कागदपत्रं जुळवून द्यायचं काम गेली काही वर्षं करतो. हे प्रकरण त्यातलंच एक. माणसं आणि जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

त्याला दत्ता म्हणू. गाव हिंगोली जिल्ह्यात, दोन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. दिवाळी झाली की नवरा-बायको परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर जायचे आणि होळीच्या आगेमागे परत यायचे. २०२१ चा हंगाम त्यांचा तिसरा. मुकादमाने दसऱ्यालाच ३०,००० रुपये उचल दिली होती. दत्ताला पाचशे रुपये हजेरी, बायको कवडी, म्हणजे खराब, कापूस वेचायला. राहायला जिनिंगच्या आवारातलीच पत्र्याची खोली.

आत जिनांची ओळ असते. प्रत्येक जिनमध्ये दोन रोलर फिरतात. कापूस त्यावर पडला की रुई रोलरबरोबर पुढे जाते आणि सरकी खाली गळते. कापूस ओलसर असला किंवा काडीकचरा जास्त आला की मशीन चोक होतं. नियम असा, की मशीन बंद करायचं आणि मगच अडकलेला कापूस काढायचा. पण बंद केलं की मिस्त्री ओरडतो, मागचा माल तुंबतो. म्हणून सगळेच चालू मशिनीत हात घालतात. वरची जाळी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात निघते आणि भिंतीला टेकून बसते, ती थेट पुढच्या वर्षी रंगरंगोटीच्या वेळी हलते.

२० जानेवारी २०२२, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. रात्रपाळी आठला संपली होती, पण दिवसपाळीचा माणूस अजून आला नव्हता. मशीन चोक झालं. दत्ताने उजवा हात घातला. तर्जनी आणि मधलं बोट जागेवर चिरडलं. बाकीची दोन नंतर ऑपरेशनमध्ये काढावी लागली. अंगठा वाचला.

पहिले पंधरा दिवस

मुकादमाने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दत्ता अर्धवट शुद्धीत होता, त्यामुळे डॉक्टरांशी मुकादमच बोलला. केसपेपरवर कारण लिहिलं गेलं: मोटारसायकलच्या चेनमध्ये हात अडकून इजा. तिथून त्याला नांदेडच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवलं. सोबत जिनिंगचा मुनीम आला आणि त्याने काउंटरवर २०,००० रुपये भरले.

दोनेक दिवसांनी मुनीम दत्ताच्या बायकोला कॉरिडॉरमध्ये भेटला. मालकाची कामगार भरपाईची विमा पॉलिसी ३१ डिसेंबरला संपली होती आणि नवी २५ जानेवारीपासून सुरू होणार होती, हे आम्हाला फार नंतर, सुनावणीत कळलं. तेव्हा मुनीम एवढंच म्हणाला, "वहिनी, आठवड्याने पुन्हा ॲडमिट झाल्याचं दाखवू. म्हणजे विमा कंपनीकडून चांगले पैसे काढून देतो."

बाई फार शिकलेली नाही. ती म्हणाली, "बोटं एकदा तुटलीत. दुसऱ्यांदा कशी तुटतील?"

या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता आणि तो कुणाच्याही सल्ल्याशिवाय झाला. ती हो म्हणाली असती तर विमा कंपनीने रुग्णालयाचे कागद मागवल्याबरोबर खोटेपणा उघडा पडला असता, आणि नंतर दत्ताच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

एप्रिलमध्ये मालकाने दोघांना ऑफिसात बोलावलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर तयार होता: माणुसकीच्या नात्याने दीड लाख रुपये दिले, यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही. दीड लाखातून उचलीचे तीस हजार तिथेच वळते केले आणि १,२०,००० हातात दिले. सही करायला उजवा हात नव्हता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

अडचण

दत्ता माझ्याकडे आला तो मार्च २०२३ मध्ये, अपघातानंतर चौदा महिन्यांनी. तोही भरपाईसाठी नाही. त्याला दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरून हवा होता. अर्ज भरताना मी विचारलं, जिनिंगकडून काय मिळालं?

"मालकानं दीड लाख दिले की. लई झालं. चूक माझीच हाय सर, चालू मशिनीत हात घातला मी. मालक काय करील त्याला?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की कायद्यातलं कलम सांगण्याआधी मला नेहमी या वाक्याशीच झटावं लागतं. बायको, भाऊ, सासरा, सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. मालकाला तर ते म्हणावंही लागलं नव्हतं.

तेव्हा लागू होता तो १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, २०१० पासून नाव बदललं. त्याच्या कलम ३ मध्ये मालकाची चूक सिद्ध करायची अटच नाही. विचारलं जातं ते एवढंच, की अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का? कामगाराचा निष्काळजीपणा भरपाई अडवत नाही. अडवणाऱ्या गोष्टी तीन: दारू किंवा नशेच्या अमलाखाली असणं, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मालकाला याही सबबी वापरता येत नाहीत. दत्ताच्या बाबतीत जाळी त्याने काढलेली नव्हती, आणि 'मशीन बंद करूनच हात घाला' असा फलक किंवा लेखी आदेश कुठेच नव्हता. उलट मशीन थांबवलं की शिव्या.

हे त्याला पटायला तीन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीत बायकोच म्हणाली, "जाळी लावली असती तर हात गेलाच नसता की."

पर्याय

पहिला प्रश्न ईएसआयचा. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगार असेल तर भरपाई तिथूनच घ्यावी लागते, १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडे मागता येत नाही. पण ईएसआय कायदा हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, साखर, गूळ हे त्या व्याख्येत नाव घेऊन आलेले उद्योग आहेत. मराठवाड्यात हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे कारखाने याच जातीचे. मात्र व्याख्येत 'केवळ' हा शब्द आहे. त्याच आवारात बारमाही ऑइल मिल चालत असेल तर गणित वेगळं होऊ शकतं. म्हणून आम्ही आधी ती खात्री केली. इथे ऑइल मिल नव्हती.

दुसरा पर्याय पोलीस तक्रार. दत्ताच्या भावाला तीच हवी होती, राग होता त्याचा. फौजदारी गुन्ह्याने मालक घाबरतो, पण कामगाराच्या हातात पैसा येत नाही, आणि मागे घेण्याच्या बोलीवर पुन्हा एखादा स्टॅम्पपेपर पुढे येतो. आम्ही तो रस्ता सोडला.

तिसरा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार. अपघात कळवणं कारखान्यावर बंधनकारक असतं. माहिती अधिकारात विचारलं तेव्हा उत्तर आलं, की त्या तारखेचा असा कोणताही अपघात नोंदवलेला नाही. याने भरपाई मिळत नाही, पण मालकाने अपघात दडवला हे दाखवणारा कागद मिळाला.

चौथा, भरपाईचा दावा. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे २० जानेवारी २०२४ पर्यंत. दहा महिने हातात होते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या माफीच्या भरवशावर कुणी बसू नये.

आणि स्टॅम्पपेपरचं काय? दत्ताला तीच भीती होती: "अंगठा दिलाय, आता कसं बोलावं?" कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द ठरतो, मग तो शंभराच्या कागदावर असो की पाचशेच्या. पुढचं कलम फार थोड्या लोकांना माहीत असतं. एकरकमी भरपाईचा करार आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावा लागतो. मालकाने तो नोंदवला नाही तर कलम २९ प्रमाणे त्याला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्मीच वजा करता येते, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर. म्हणजे दत्ताला मिळालेल्या १,२०,००० पैकी ६०,०००.

उचलीचंही असंच. कलम ९ सांगतं, की भरपाईच्या रकमेवर जप्ती येत नाही आणि तिच्यातून दुसरं कुठलंही येणं वळतं करता येत नाही. मालकाने तीस हजार तिथल्या तिथे कापले, ते कायद्यात बसत नव्हतं. हे ऐकून दत्ता गप्प बसला. तेव्हा मला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला नाही.

आकडा कसा निघाला

पगाराची स्लिप नाही, हजेरीपत्रकावर नाव नाही, मग मासिक पगार कुठून आणायचा? मुकादम दर आठवड्याला बाजाराच्या खर्चासाठी बायकोच्या मोबाइलवर फोनपे करायचा. त्या नोंदी होत्या. आणि बायकोची वही होती. शाळेची जुनी वही, मागच्या पानांवर रोजच्या हजेरीच्या उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. ज्या दिवशी जिनिंग बंद त्या दिवशी शून्य. नोंदी ९ नोव्हेंबर २०२१ पासून १९ जानेवारीपर्यंतच्या. मोजल्या तर पासष्ट हजेऱ्या भरल्या. फोनपेच्या रकमा आणि वहीतल्या 'उचल वजा' खुणा जुळवायला आम्हाला एक दुपार लागली, पण ताळा बसला.

सलग काम एक वर्षापेक्षा कमी असेल तर कलम ५ मध्ये सूत्र आहे: त्या सलग काळातल्या एकूण मजुरीला तीसने गुणायचं आणि त्या काळातल्या दिवसांनी भागायचं. पासष्ट हजेऱ्यांचे ३२,५०० रुपये, काळ ७२ दिवसांचा. ३२,५०० × ३० ÷ ७२ = १३,५४१ रुपये ६७ पैसे. ३ जानेवारी २०२० पासून कायद्यात मासिक पगाराची कमाल मर्यादा १५,००० होती, त्यामुळे हा पगार पूर्ण धरला गेला.

त्याचे ६० टक्के म्हणजे ८,१२५. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणांकाने गुणायचं. इथे एक गंमत झाली. आधार कार्डावर दत्ताची जन्मतारीख १ जानेवारी १९८६. आपल्याकडे ज्यांना तारीख सांगता आली नाही ते सगळे १ जानेवारीला जन्मले. शाळेच्या दाखल्यावर मात्र जून १९८६. अपघाताच्या दिवशी आधारप्रमाणे वय छत्तीस, दाखल्याप्रमाणे पस्तीस. छत्तीसचा गुणांक १९४.६४, पस्तीसचा १९७.०६. हा बारीक वाटणारा फरक शेवटी जवळजवळ दहा हजार रुपयांचा होतो. आम्ही शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढला.

८,१२५ × १९७.०६ = १६,०१,११२. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कोणत्या इजेने कमाईची क्षमता किती टक्के जाते ते दिलेलं आहे. एका हाताची चार बोटं गेली तर ५० टक्के. त्या हिशेबाने ८,००,५५६ रुपये. ही टक्केवारी दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीपेक्षा वेगळी असते. लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि प्रमाणपत्रावर आकडा कमी आला की खचतात.

शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. खर्च सत्तर हजारांच्या घरात होता, बिलं सापडली ५१,२०० ची. मुनीमाने भरलेले २०,००० उपचाराचे होते, ते भरपाईतून वजा होत नाहीत. आणि अपघातानंतर महिन्याभरात भरपाई दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

पन्नास टक्के की शंभर?

यावर माझं आणि वकिलांचं जमलं नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाले होते. दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार दोघांनाही तो हक्क आहे, आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थांपेक्षा हा रस्ता कधीही बरा. त्यांचं म्हणणं होतं शंभर टक्के मागायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता तेव्हा, परिशिष्टातली टक्केवारी बाजूला ठेवून पूर्ण अपंगत्व मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दत्ताही हातावरच पोट असलेला माणूस, उजव्या हाताला फक्त अंगठा.

मला वाटत होतं, परिशिष्टातली पन्नास टक्के निर्विवाद आहेत. शंभर मागितले की डॉक्टरांची साक्ष, उलटतपासणी, आणखी दोन वर्षं. शेवटी अर्जात मुख्य मागणी शंभर टक्क्यांची आणि ती अमान्य झाली तर पन्नासची, असं लिहिलं. वकिलांचं बरोबर होतं. मागणीच पन्नासची असती तर तडजोडीची बोलणी तीसपासून सुरू झाली असती.

अर्ज आणि सुनावणी

अर्ज अपघाताच्या ठिकाणी करता येतो, तसाच कामगार जिथे राहतो तिथेही. घराजवळ केला असता तर दत्ताच्या फेऱ्या वाचल्या असत्या. पण साक्षीदार येतील तर जिनिंगकडचे, म्हणून आम्ही तिकडे केला. प्रत्यक्षात बरोबरीच्या कामगारांपैकी एकही आला नाही, सगळ्यांना पुढच्या हंगामाची उचल घ्यायची होती. ही निवड चुकली.

मालकाचं लेखी उत्तर आलं. हा माणूस आमचा नाही, मुकादमाचा आहे. अपघात जिनिंगमध्ये झालाच नाही, केसपेपर पाहा, मोटारसायकलची चेन आहे. आणि झालाच असेल तर आठनंतर, पाळी संपल्यावर, तो तिथे राहायला होता म्हणून.

पहिल्या मुद्द्याला कलम १२ पुरेसं आहे. आपल्याच धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी मूळ मालक जबाबदार राहतो. त्याने नंतर मुकादमाकडून वसूल करावं.

दुसरा मुद्दा जड होता, कारण पहिला कागद खरोखर विरोधात होता. तो मोडला नांदेडच्या रुग्णालयाच्या ऑपरेशन नोटने. रुग्णालयाकडून पूर्ण फाइलची प्रत मागवली होती, पन्नास-साठ पानं. त्यात सर्जनने हाताने लिहिलेली एक ओळ होती: जखमेत कापसाचे तंतू मोठ्या प्रमाणात, धुऊन काढले. मोटारसायकलच्या चेनमध्ये वंगण सापडतं, रुई नाही. ही ओळ लिहिताना त्या डॉक्टरांच्या मनात कोर्ट-कचेरी काही नसणार.

तिसऱ्या मुद्द्यावर, पाळी संपली तरी बदलीचा माणूस येईपर्यंत मशीन सोडून जाता येत नाही, हे मुकादमालाही उलटतपासणीत मान्य करावं लागलं. कामाच्या ओघात म्हणजे घड्याळाच्या काट्यापुरतं नसतं. याच विषयावर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, आणि तो आपल्याच भागातला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये कामावर जाताना रस्त्यात अपघातात गेला. कामावर जाण्यायेण्यातला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाच्या ओघातला धरता येतो असं न्यायालयाने म्हटलं आणि घरच्यांना मिळालेली भरपाई कायम केली. बावीस वर्षांनी. दत्ताच्या वेळी हा निकाल हाताशी नव्हता.

तडजोड

ऑपरेशन नोट आणि फोनपेच्या नोंदी दाखल झाल्यावर मालकाचा सूर बदलला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी प्रस्ताव ठेवला: आधीचे १,२०,००० सोडून ८,७५,००० रुपये, दोन हप्त्यांत, आणि विषय संपवा.

पन्नास टक्क्यांच्या हिशेबाने येणं किती होतं? ८,००,५५६ मूळ, अडीच वर्षांचं सुमारे २,४०,००० व्याज, त्यातून ६०,००० वजा, वर औषधांचे ५१,२००. म्हणजे दहा लाख तीस हजारांच्या पुढे, दंड सोडून. दीड लाखाहून जास्त सोडावे लागणार होते.

दत्ताला तडजोड हवी होती. बोलणी चालू असताना मालकाचा माणूस म्हणाला होता, "निकाल विरोधात गेला तर औरंगाबाद खंडपीठात जाऊ, बसा दहा वर्षं." ते त्याच्या मनात घर करून राहिलं. आणि मुलगी बारावीला होती.

आयुक्त म्हणून बसणाऱ्या न्यायाधीशांनी तडजोड नोंदवण्याआधी दत्ताला पुढे बोलावून विचारलं, की कायद्याने किती मिळू शकतं हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? तो म्हणाला, "सांगितलंय साहेब. पर मला आता घरी जायचंय." पैसे आयुक्तांकडे जमा झाले आणि तिथून त्याच्या खात्यात गेले. दुसरा हप्ता दीड महिना उशिरा आला.

मागे पाहताना

माझी सर्वात मोठी चूक त्या खंडपीठाच्या धमकीच्या वेळी झाली. कलम ३० प्रमाणे मालकाला अपील करायचं तर भरपाईची पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते, आणि अपीलही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच करता येतं. म्हणजे 'दहा वर्षं बसा' ही धमकी वाटत होती तितकी दमदार नव्हती. हे मला माहीत होतं. मी ते दत्ताला सांगितलं, पण तडजोडीच्या आदल्या संध्याकाळी, फोनवर, तेव्हा त्याचं मन ठरलेलं होतं. महिनाभर आधी समोर बसून सांगितलं असतं तर निदान व्याजाचा काही भाग वाचला असता.

दुसरं म्हणजे पहिला केसपेपर. ऑपरेशन नोटमध्ये ती एक ओळ नसती तर हे प्रकरण वेगळ्याच ठिकाणी थांबलं असतं. तालुक्याच्या दवाखान्यात घरचं एक माणूस सोबत असायला हवं होतं. बायको आवारातच होती, पण तिला मोटारसायकलवर जागा नव्हती. आता मी जिनिंगच्या हंगामाआधी गावात गेलो की बायकांना एवढंच सांगतो: अपघात झाला तर दवाखान्यात तुम्ही बोला, मुकादमाला बोलू देऊ नका. 'कामावर, मशीनमध्ये' हे शब्द कागदावर आलेले पाहा. वाचता येत नसेल तर नर्सला वाचून दाखवायला सांगा. आणि मोबाइलने फोटो काढा, कागदाचा आणि शक्य असेल तर मशीनचाही.

तिसरं, अपघाताची लेखी नोटीस मालकाला लगेच द्यायला हवी होती. मालकाला अपघात माहीत असेल तर नोटीस नसल्याने दावा बुडत नाही, पण ती असती तर पॉलिसीच्या तारखांचा खेळ सुरूच झाला नसता. २०१७ च्या दुरुस्तीपासून तर भरपाईच्या हक्काची माहिती कामावर घेतानाच, कामगाराला समजेल त्या भाषेत लेखी देणं मालकाला बंधनकारक आहे. मी असा कागद एकाही जिनिंगमध्ये पाहिलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. त्यामुळे नव्या अपघातांसाठी वर दिलेले कलमांचे क्रमांक जसेच्या तसे वापरू नयेत. भरपाईची मूळ मांडणी तीच आहे, घरून कामावर जाण्यायेण्यातल्या अपघाताचा उल्लेख आता स्पष्ट आहे, आणि हंगामी कारखाने अजूनही ईएसआयच्या बाहेरच आहेत.

दिवाळीनंतर मी दत्ताच्या गावी गेलो होतो. घरासमोर नवी शिलाई मशीन होती, मुलगी परभणीला नर्सिंगला. चहा घेताना त्याने सहज सांगितलं, की पहिला हप्ता आला त्याच आठवड्यात तो मुकादमाकडे जाऊन तीस हजार देऊन आला. मी म्हटलं, ते तर मालकाने स्टॅम्पपेपरच्या वेळीच कापून घेतले होते.

"ते मालकानं कापले. मुकादमाला त्यानं दिलेच न्हाईत," तो म्हणाला. "उचल मी मुकादमाच्या हातून घेतली होती."